उरलेला भाग

आत्याला अर्धवट काहीच खपत नसे. सिनेमा संपला की सगळे उठत; ती पडद्यावरचं शेवटचं नाव सरकेपर्यंत बसून राही. झाडू घेऊन ताटकळलेली बाई म्हणे, "आंटी, फिनिश ऑलरेडी लाह." आत्या पडद्याकडे बोट दाखवी. "नॉट येट."

ती अकाउंटंट, सिंगापुरात आंग मो किओ भागात एकटी राहायची. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. घटस्फोटानंतर मी पुण्यात आईपाशी राहिले, बाबाही सिंगापुरातच. पुण्याच्या कोर्टाने त्यांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या: माझी पोटगी द्यायची आणि सुट्टीत दर रविवारी मला भेटायचं. त्यांनी एकही पाळली नाही, म्हणून आदेश इथे, सिंगापूरला पाठवावा लागला. इथल्या कोर्टाने त्यातला पोटगीचा भाग तेवढा नोंदवून घेतला. भेटीगाठी त्या कायद्यात बसत नव्हत्या.

आई आत्याला फोनवर म्हणाली, "जाऊ दे, ताई. पोटगी मिळेल, तेवढं पुष्कळ झालं."

"म्हणजे पोरीला अर्धाच बाप? उरलेला भाग माझ्याकडे लागला. सुट्टी लागली की तिला इकडे पाठव."

"तुमचा सख्खा भाऊ आहे तो."

"म्हणूनच. परक्या माणसाशी मी इतकी वाईट वागले नसते."

पहिल्या रविवारी बाबा समुद्रकाठी ईस्ट कोस्टच्या बागेत येणार होते. आले नाहीत. आत्याने डबा उचलला, मला टॅक्सीत घातलं आणि बुकित तिमाहला त्यांच्या काँडोच्या लॉबीत जाऊन बसली. मी पुस्तकात तोंड खुपसलं. गार्डने वर फोन लावला. साहेब कामात होते.

"असू देत," आत्या म्हणाली. "आम्ही थांबतोय."

आणि तिने तिथेच सोफ्यावर डबा उघडला. थालीपिठांचा आणि लसणीच्या चटणीचा वास लॉबीभर पसरला. येणारेजाणारे वळून बघू लागले. शेवटी बाबा खाली आले.

"ताई, काय तमाशा हा! कोर्टाने इथे नोंदवलंय तेवढं देतोय ना मी?"

"कोर्टाने वगळलं असेल, बाळू. मी नाही वगळलेलं. बस, खा."

ते बसले. पुढच्या रविवारी ईस्ट कोस्टला आले, तोंड पाडूनच. त्याच सुट्टीत त्यांनी मला सायकल शिकवली. सीट धरून ते धापा टाकत मागे पळायचे आणि बाकावरून आत्या ओरडायची, "अर्ध्यात सोडू नकोस रे!"

मी मोठी झाले, पोटगी थांबली, नोकरीसाठी मीही इथेच आले. तरी रविवार चालू राहिले, कारण बाबांच्या मागे कटकट करायला आत्या होती.

गेल्या महिन्यात ती गेली. स्मशानात बाबा लहान मुलासारखे रडले. पुढच्या रविवारी सकाळी त्यांचा मेसेज आला: "आता ताई नाही. रविवारचं राहू दे."

मला भांडता येत नाही. कधीच आलं नाही. मी हातातलं पुस्तक मिटलं, थालीपिठं लावली आणि बुकित तिमाहला गेले. गार्ड नवा होता. त्याने वर फोन लावला आणि मान हलवली. साहेब कामात होते.

"असू देत," मी म्हणाले. "आम्ही थांबतोय."

त्याने माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मी डबा उघडला.