बॅटरीवरचं नाव

यूपीएसच्या तळाचे स्क्रू काढले, झाकण उचललं आणि आतल्या बॅटरीवर मला माझंच अक्षर दिसलं. दुकानात माल आला की मी मार्करने प्रत्येक बॅटरीवर महिना आणि वर्ष लिहायचो. ही बॅटरी माझ्या फळीवर दोन वर्षं पडून होती. गडबडीत मीच ती सुभेदारांच्या घरी दिलेल्या या नव्या यूपीएसमध्ये बसवली होती.

"बोला, काय रिपोर्ट?" सुभेदारांनी विचारलं. सैन्यातून निवृत्त होऊन ते विट्याजवळच्या त्यांच्या गावी द्राक्षबाग बघत होते. आमच्या भागातले निम्मे माजी सैनिक त्यांच्या सांगण्यावरून माझ्या दुकानात यायचे.

दाराशी त्यांची सून उभी होती. रोहिणी. साताऱ्याची, कॉम्प्युटर शिकलेली. घरून करायच्या नोकरीसाठी सकाळी तिची ऑनलाइन परीक्षा होती. निम्मा पेपर झाला आणि लाईट गेली. यूपीएसने एक शिट्टी मारली आणि सगळं बंद पडलं. परीक्षा एकदाच देता येणार होती.

यूपीएस म्हणजे काय ते सांगतो. आत एक छोटी बॅटरी असते. लाईट गेली की कॉम्प्युटर तिच्यावर दहा-पंधरा मिनिटं चालतो, काम सेव्ह करून नीट बंद करता येतो. बॅटरी चार्ज न करता पडून राहिली तर आतून मरते. पण लाईट असेपर्यंत ते कळत नाही. हिरवा दिवा लागतो, सगळं छान दिसतं.

तेवढ्यात रोहिणीचा नवरा विलास बागेतून आला. पाठीवर बॅटरीवरचा फवारणी पंप. माझी नजर त्या पंपावर गेली. आमच्या भागात ही एक खोड आहे. पंपाची आणि यूपीएसची बॅटरी एकाच मापाची असते, म्हणून फवारणी अडली की लोक यूपीएसची काढून नेतात.

"यात पंपाची जुनी बॅटरी घातलीय कुणीतरी," मी म्हणालो.

विलासने पंप खाली ठेवला. "मागल्या म्हयन्यात एकदा काढली हुती मी. रोहिणीला इचारून. पर लागली न्हाई, परत घातली की."

"हीच होती का ती?"

तारखेवर मी अंगठा ठेवला होता. त्याने वाकून बघितलं. दोन्ही काळ्या, दोन्ही सारख्या. "आता कसं सांगू? अदलाबदल झाली आसंल बा."

"व्हय, आसंलच," सुभेदार म्हणाले. "फौजेत आसतास तर चौकीवर उभा केला आसता तुला आठवडाभर."

रोहिणीने नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि आत गेली. मी नवी बॅटरी घातली आणि जुनी पिशवीत घालून घेऊन आलो. तिथे ठेवली असती तर कुणीतरी तारीख वाचली असती.

तीन वर्षं झाली. या वर्षी मी दुकान पुतण्याकडे दिलं. शेवटच्या आठवड्यात विलास पंपासाठी बॅटरी घ्यायला आला. खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि काउंटरवरच बॅटरीवर 'पंप' असं लिहिलं.

"हे काय?" मी विचारलं.

"तवापास्नं नाव घातल्याबिगर बॅटरी घरात नेत न्हाई. एकदा घोटाळा केलाय न्हवं मी. तुमास्नी म्हाईतच हाय."

 रविवारी त्यांच्या घरी गेलो आणि तिघांसमोर सगळं सांगितलं. यूपीएसबरोबर व्होल्टेज सांभाळणारा स्टॅबिलायझर आणि विजेचा झटका अडवणारा स्पाइक गार्डही उगाच गळ्यात मारले होते, तेही सांगितलं. घरच्या एका कॉम्प्युटरला त्या यूपीएसपलीकडे काही लागत नव्हतं. तेवढीच एक वस्तू गरजेची होती आणि तीच मी मेलेली दिली होती.

सुभेदारांनी खुर्चीच्या दांडीवर बोटं वाजवली. "तीन वर्सं मी ह्याला ऐकवतोय," ते म्हणाले. "पावण्यांम्होरं सुदीक."

"आवं ऐकवा की अजून," विलास म्हणाला. "सवय झालीय."

मी रोहिणीकडे बघितलं. नोकरी तिची हुकली होती.

"दुसरी मिळायला आठ महिने लागले, काका," ती म्हणाली. "ते काही परत येत नाहीत." मग तिने विलासकडे मान वळवली. "पण त्या आठ महिन्यांत यांनी मला एकदाही बागेत बोलावलं नाही. अभ्यास कर म्हणायचे. सकाळचा चहा तर अजून हेच करतात. मला वाटायचं, चूक केली म्हणून करतायत."

"मग? चूकच केलती की," विलास म्हणाला.

"नव्हती केली."

तो मग हसायला लागला. "म्हंजे तीन वर्सं फुकटचा च्या केला व्हय गं मी?"

"उद्यापासून बंद केलात तर बघा," रोहिणी म्हणाली.

त्या घराने मला बाहेर काढलं असतं तरी मी काही म्हणालो नसतो. त्यांनी जेवायला बसवलं. ताटावरून उठल्यावर विलासने टेबलाखालचा यूपीएस ओढला, झाकण काढलं आणि नेलपॉलिशची बाटली माझ्या हातात दिली. आतल्या बॅटरीवर 'रोहिणी' लिहिलं होतं.

"त्याच्या खाली तुमचं नाव घाला," तो म्हणाला. "तारखेसकट. पुढच्या येळी कुणाला धरायचं ते कळंल."

मी घातलं, तारखेसकट.

लोक अजून विचारतात, घरी यूपीएस घ्यावा का? लॅपटॉप असेल तर नको, त्याच्यात बॅटरी असतेच. टेबलावरचा कॉम्प्युटर असेल आणि मध्येच बंद पडला तर नुकसान होणार असेल, तर घ्या. बाकीचं जोडसामान दुकानदाराच्या समाधानासाठी असतं. घेताना झाकण उघडायला लावा आणि बॅटरीवरची तारीख त्याला मोठ्याने वाचायला सांगा. त्याचा चेहराही बघा.