बाईची उडी

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो, तेही उर्दूत, कारण तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. पण गाण्याचा कान शाळेत मिळत नाही. तो मला होता, आणि सेलूत ते सगळ्यांना माहीत होतं.

निजाम जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. कापसाच्या हंगामात मी सेलूच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, हमाली करायचो. सुट्टीचा भोंगा झाला की आम्ही पाच जण समोरच्या हॉटेलात बाकावर जाऊन बसायचो. हॉटेलवाल्या शेटकडं चावीचा फोनो होता, मोठ्या कर्ण्याचा. रेकॉर्डी दहा-बारा होत्या, पण आमची एकच. हैदराबादकडच्या एका बाईची गझल. शेटनं ती कोणाकडून तरी जुनीच घेतलेली.

त्या गझलेत एक ठिकाण होतं. बाई खाली, अगदी पोटातून गात असायची. मग तबलजी टक्क करून एक थाप द्यायचा आणि बाई एकदम वरच्या सुरात. मधे पायरीच नाही. आम्ही त्याला बाईची उडी म्हणायचो. उडी आली की पाचही हात वर आणि तोंडातून वाह. बाकावर कोणी नवा माणूस असला तर मी त्या वेळी बाईकडं कान आणि त्याच्या हाताकडं डोळे ठेवायचो. हात आधी गेला तर तो उतावळा. मागून गेला तर आमचं बघून केलेला. दोघांनाही दुसऱ्या दिवशी बाकावर जागा नसायची. हा माझा कायदा होता आणि बाकीच्यांनी तो मानलेला होता.

दिवसच तसे होते. कालपर्यंत जहागीरदारापुढं कमरेत वाकणारा माणूस आज पांढरी टोपी घालून, आपण जेलात होतो, असं सांगायचा. कोणाचं खरं धरावं कळायचं नाही. गाण्यात तरी मला खोटा माणूस नको होता.

अशात जिनात नवा फिटर आला. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. अंगानं बारीक, खिशात पानाची डबी. पहिल्याच आठवड्यात तो आमच्या बाकावर येऊन बसला. रेकॉर्ड लागली, उडी आली, आमचे हात वर गेले, आणि हा कपाळाला आठी घालून नुसता कर्ण्याकडं बघत राहिला.

"काय मिस्त्री, पसंत पडलं न्हाई का?" मी विचारलं.

"पसंत हाय की. या बाईला मी समोर बसून ऐकलंय. हैदराबादला, एका मोठ्या घरच्या लग्नात."

"समोर? तुमाला बोलावणं धाडलं व्हतं?"

बाक हसला.

"बोलावणं कशाचं भाऊ. गॅसबत्त्याचं काम व्हतं माझ्याकडं. लोक चपला काढतेत तितं बसलो व्हतो."

"मग म्हणून दाखवा की, चपलात बसून ऐकलेलं."

तो लाजला नाही, त्यानं म्हटलं. आवाज फाटका, पण सूर धरलेला होता, हे मी त्या दिवशीही मनात मानलं. उडीच्या ठिकाणी आला आणि उडालाच नाही. चार शब्द जास्तीचे घेत, जिना चढल्यासारखा सावकाश वर गेला.

"हे शब्द कुठून आणले?"

"गझलेतलेच हायेत."

"आमी दोन हंगाम ऐकायलोय. असले शब्द न्हाईत तिच्यात."

"भाऊ, रेकार्डीला चरा पडलाय. तितं सुई उडायलीय. ती टक्क वाजती ना, ती तबल्याची थाप न्हाई."

शेट गल्ल्यावरून उठला. "माझ्या मालाला नाव ठेवायलाव का मिस्त्री?"

"चहा घ्या अन् निघा," मी म्हणालो. "बत्त्या लावणाऱ्यानं आमाला गाणं शिकवू नये."

त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि गेला. पण लांब गेला नाही. सगळा हंगाम तो हॉटेलासमोरच्या कडुलिंबाखाली उभा राहून पान लावायचा, आणि रेकॉर्ड संपेपर्यंत त्याचं पान लावून व्हायचं नाही. मला ते दिसायचं. ढोंगी माणूस चिवट असतो, असं मी बाकावर सांगायचो.

उन्हाळ्यात चुलतभावाच्या पोरीच्या लग्नाला चुडाव्याला गेलो. वऱ्हाडानं फोनो आणलेला. मांडवात तीच गझल लागली. मी शेजारच्या पाव्हण्याला म्हणालो, "आता बघा, बाई उडी घेती." वेळ झाली, माझा हात वर गेला, आणि बाई मिस्त्रीचे ते चार शब्द घेत सावकाश, एकेक पायरी वर चढली.

"कुठं हाय उडी?" पाव्हणा म्हणाला.

मी वर गेलेल्या हातानं फेटा नीट केला.

दिवाळीनंतर जीन सुरू झालं तेव्हा शेटची नजर चुकवून ती रेकॉर्ड उन्हात तिरकी धरून बघितली. चरा होता. नखाएवढा.

तरी एक सांगतो. तेवढ्यावरून मिस्त्रीनं बाईला समोर ऐकलं हे काही ठरत नाही. धड रेकॉर्ड चुडाव्याच्या मांडवात येते, तर हैदराबादच्या एखाद्या हॉटेलातही असेल. ही शंका माझ्या मनातून तेव्हा गेली नाही, आजही गेलेली नाही. पण चार शब्दांचं त्याचं खरं होतं, आणि बाकावरून त्याला उठवलं होतं मी.

म्हणून लिंबाखाली गेलो. "चला मिस्त्री, चहा घेऊ."

"बाकावर?"

"बाकावर."

चुकलो, हा शब्द तोंडातून निघाला नाही. मी ठरवलं होतं, आज हात वर करायचाच नाही. कोणी विचारलं की सगळ्यांदेखत सांगायचं, मिस्त्री बरोबर होते. रेकॉर्ड लागली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. टक्क झालं. चौघांचे हात वर गेले, आणि मिस्त्रीचाही. ना आधी, ना मागून. "वाह," तो म्हणाला.

"आता आलं मिस्त्रीला गाणं," शेट गल्ल्यावरून म्हणाला. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. चौघांतल्या एकानं विचारलं, "भाऊ, तुमचा हात कुठं गेला?"

मी मिस्त्रीकडं बघितलं. तो बशीत चहा ओतत होता. मला हसत होता, का बाकावरची जागा सांभाळत होता, त्या तोंडावर काही दिसेना.

"खांदा दुखायलाय," मी म्हणालो.

"पोत्यानं दुखला असंल," मिस्त्री म्हणाला आणि बशी माझ्याकडं सरकवली.

दुसऱ्या दिवशी माझा खांदा बरा झाला. पुढं सात-आठ हंगाम आम्ही दोघांनी शेजारी बसून त्या चऱ्यावर हात वर केले. मी रोज त्याच्या हाताकडं बघायचो. तो एकदाही चुकला नाही.