आतोबांचं बायसिंग

माणसामाणसांतली बहुतेक भांडणं चुकीच्या बायसिंगमुळे होतात, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. घर बडोद्याला घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत, नोकरी कचेरीत आणि उरलेला सगळा जीव जुन्या ट्रान्झिस्टरांत. मांडवीच्या बाजारातून मोडके रेडिओ आणून त्यांतले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर ते इतक्या हळुवारपणे सोडवत, की लेकीच्या केसांतला गुंता काढताहेत असं वाटावं. या जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांत एकासारखा दुसरा नसतो. प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीप्रमाणे वीज बेताने पाजावी लागते, आणि तो बेत साधणं म्हणजे बायसिंग. बेत चुकला की आवाज एक तर घशात अडकतो, नाहीतर फाटतो. नऊ व्होल्टांच्या बॅटरीवर मीटरचा काटा सातच्या जवळ स्थिरावला, की आतोबांच्या चेहऱ्यावर गरम भातावर तूप पडल्यासारखं समाधान पसरे. हीच परीक्षा ते माणसांचीही करत. माझ्या सख्ख्या बहिणीला बघायला आलेला मुलगा तासभर घुम्यासारखा बसून गेला, तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली. आतोबा मात्र म्हणाले, "मुलगा चांगला आहे. बायसिंग जरा कमी पडतंय, एवढंच." तोच पुढे आमचा मेहुणा झाला, आणि अजूनही कमीच बोलतो.

त्यांची मुलगी, माझी आतेबहीण, गिटार वाजवायची. नवरात्रातल्या एका गरब्याच्या ऑर्केस्ट्रात तिला जागा मिळाली होती, पण ढोल आणि कीबोर्डच्या गलक्यात तिची गिटार कुणाच्या कानावरच पडत नसे. तेव्हा नवेनवे कीबोर्ड बाजारात येऊ लागले होते, एकेकात शंभर वाद्यं. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी तिला गोड शब्दांत सांगितलं, की बेन, संभळातुं ज नथी, ऐकूच येत नाही, या वर्षी गिटारशिवाय चालवू. तरी भाद्रपदातल्या एका दुपारी तालमीला ये, शेवटचं ऐकून ठरवतो. ती घरी येऊन जेवली नाही. आतोबांनी मीटर काढला.

आठवड्याभरात त्यांनी ट्रेबल बूस्टर बनवला. गिटारचा बारीक, वरचा सूर तेवढा उचलून पुढे आणणारं ते यंत्र पायाने दाबून चालू करायचं होतं, आणि बसवलं होतं हिंगाच्या पत्र्याच्या डब्यात. अन्नाच्या डब्याला पाय लावायला आत्याचा सक्त विरोध. शेवटी, आधी नमस्कार करून मग पाय ठेवायचा, असं ठरलं. घरातल्या गार फरशीवर काटा सातावर अगदी शहाण्यासारखा उभा राहिला.

तालमीला आतोबा आणि मीही बरोबर गेलो. हॉल पत्र्याच्या छपराचा होता. उन्हाने आत भट्टी पेटलेली. आतेबहिणीने डब्याला नमस्कार केला, तो पायाने दाबला, आणि गिटारमधून घसा बसलेल्या माणसासारखा घोगरा आवाज आला. आतोबांनी मीटर लावून पाहिला. जर्मेनियमला उकाडा सोसत नाही, काटा चारावर घसरला होता. मालक घड्याळाकडे बघू लागले. आतोबा उठून चालते झाले. लाजून निघून गेले, असंच मला वाटलं. बहीण गिटारचा पट्टा काढायला लागली, तेवढ्यात ते बाहेरच्या सोड्याच्या गाडीवरून रुमालात बर्फ बांधून परत आले, स्टेजवर मांडी घालून बसले आणि रुमाल डब्याला लावून धरला. काटा रांगत रांगत वर चढला. "वाजव आता," ते म्हणाले.

तिने वाजवलं. ढोलवाल्याने मान वळवून पाहिलं.

मालकांनी तिला ठेवून घेतलं, पण एका अटीवर: काका साथे आवशे, काकांनी बरोबर यायचं. तेव्हापासून आतोबा ऑर्केस्ट्रात सामील झाले. बाकीच्यांसारखं आरशांचं जाकीट घालून ते मुलीच्या पायाशी स्पीकरमागे बसत. एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हाताशी बर्फ, नजर काट्यावर. त्यांना वादक समजून डभोईच्या एका आयोजकाने त्यांच्याही गळ्यात हार घातला, तर काटा दिसेनासा झाला म्हणून त्यांनी तो तत्काळ उतरवला.

काही वर्षांनी आतेबहिणीला नोकरी लागली आणि तिने त्याच कामाचा, परदेशी बनावटीचा पेडल घेतला. नव्या जातीचा ट्रान्झिस्टर, ऊन असो की थंडी, एकसारखा. आतोबांना वाईट वाटेल म्हणून तिने तो दोन दिवस कपाटात लपवला. त्यांनीच शोधून उघडला, आत नीट पाहिलं, स्क्रू पुन्हा घट्ट केले आणि म्हणाले, "उत्तम केलंय. याला कोणी लागत नाही." आवाजात कडवटपणा अजिबात नव्हता.

त्या नवरात्रात ते पहिल्यांदाच समोर, आत्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले. मी मागच्या रांगेत होतो. बराच वेळ हात कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हतं. मग गिटारचा एकटीचा तुकडा आला, ढोल थांबले, आणि आतोबा हळूहळू पुढे वाकले. तुकडा संपला तरी ते तसेच वाकलेले होते.

"ही नेहमीच एवढं छान वाजवायची का गं?" त्यांनी आत्याला विचारलं.

आत्याने होकाराची मान हलवली. आतोबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि इतकी वर्षं आपण तिच्या इतक्या जवळ बसलो होतो, याचा हिशेब लागत नसल्यासारखे स्टेजकडे बघत राहिले.