टँकर कोण भरत होतं

माझी शाळा चौथीपर्यंत. लिहायची सवय न्हाई. पण सोयाबीनची गंजी जळाली ती गोष्ट गावात ज्याला जशी आवडेल तशी सांगतात, म्हणून खरी काय ती लिहून ठेवतो.

आमचं गाव हदगावपासून लई आत. तालुक्याची आग विझवायची गाडी यायला तास जातो. एकदा एक गोठा पेटला, दोन बैल गेले, आणि गाडी आली तेव्हा लोक चहा पिऊन बसले होते. त्याच्यानंतर आम्ही दहा-बारा जणांनी ठरवलं की आपलं आपण बघायचं. एक जुना टँकर मिळवला. त्याच्यावर फवारणीचा इंजिनवाला पंप बांधला, लांब पाईप जोडला. पगार न्हाई, वर्दी न्हाई. देवळातला भोंगा वाजला की हातातलं काम टाकून पळायचं.

टँकर माझ्या अंगणात, बोअरच्या शेजारी उभा राहायचा. नियम एकच, टँकर कायम भरलेला पाहिजे. नियम माझाच. एक जण लग्नासाठी टँकर मागायला आला होता.

"पोरीचं लग्न हाय, मामा. एक दिवसाचा तर सवाल हाय."

"अन् त्याच दिवशी कोणाचं घर पेटलं तर? अक्षता टाकून विझवू?"

त्याला तसाच माघारी लावला. वर्षभर तो माझ्याशी बोलला न्हाई.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानात कडबा पेटवून आम्ही लेकरांना विझवून दाखवायचो. मग आमच्या गळ्यात टॉवेल, हातात नारळ. घरी गेलो की बायको म्हणायची, "आले का आगीवाले? आता पोटातली विझवा." भाकरी पुढं टाकायची. टॉवेल ती पुसायला घ्यायची.

ती भादव्यात गेली. सकाळी छातीत कळ आली, नांदेडला पोचायच्या आत संपली. तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि मी बाजेवर पडून राहिलो. अंगणात काय चाललंय ते बघितलं न्हाई. दीड महिना असाच गेला.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी भोंगा वाजला. आमच्या शेजारणीच्या शेतात, विजेच्या तारेखाली, सोयाबीनची गंजी पेटली होती. ही बाई माझ्या बायकोला अक्का म्हणायची, मला दाजी. नवरा पुण्याला कंपनीत, शेत एकटी बघते. पोरगी विष्णुपुरीला इंजिनेरिंग शिकते, आणि तिचं सगळं शिक्षण त्या गंजीवर. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

पुतण्यानं ट्रॅक्टर जोडला. मी मागं चढलो. नाल्याच्या चढावर तो ओरडला, "काका, टँकर हलका लागायलाय!"

"तू गाडी बघ," मी म्हणलो. "टँकर भरलेलाच असतो."

शेतात पोचलो, पंप चालू केला. पाण्याची धार गंजीच्या शेंड्यापर्यंत गेली. लोक ओरडले, "बसली, बसली!" मग पंपाला ठसका लागला. पाईपातून नुसती हवा. मी टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. तळाला गाळ होता.

मग दाताळ्यांनी गंजी फोडली, माती टाकली, ओल्या पोत्यांनी झोडपलं. पुतण्याच्या भुवया जळाल्या. चार हिश्शातला एक हिस्सा वाचला, त्यालाही धुराचा वास.

लोक पांगले. ती बांधावर बसली होती. मी जवळ गेलो तर वर न बघता म्हणाली, "दाजी, टँकर कवा भरला होता?"

"भरलेलाच असतो की."

"कोण भरायचं?"

मी म्हणलो, आमच्यातलाच कोणीतरी. ती हसली. ते हसणं चांगलं नव्हतं.

"तुमच्यातलं कोणी न्हाई. अक्का भरायची. खालचा कॉक गळतो, म्हाईत न्हाई का तुमाला? रोज सकाळी ती दगडानं टाकी ठोकायची. भद वाजली तर ठीक. ढण वाजली की मोटार लावायची."

"मला कधी बोलली न्हाई."

"तुमी विचारलं होतं का?"

तो आवाज मला माहीत होता. कितीतरी वर्षं मी तो ऐकत चहा पिला. मला वाटायचं, मांजर हाकलून राहिली. कॉकखाली कढीपत्त्याचं झाड फोफावलं होतं, तर मी म्हणायचो, हिचा हात चांगला.

आमच्या बारा गड्यांना हेच वाटत होतं की दुसरा भरतो. एकालाही विचारावं वाटलं न्हाई. टॉवेल मात्र प्रत्येकाला मिळाला.

मळणी झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकेक पोतं सोयाबीन तिच्या घरी नेऊन टाकलं. लग्नाला टँकर न मिळालेल्या त्या माणसानंही टाकलं. ती कोणाला बरं म्हणाली न्हाई, घेतलं फक्त. पोरगी कॉलेजात टिकली. मी माझं पोतं नेलं तर ती दारात आडवी आली.

"तुमचं नको."

"का?"

"तुमचं फाटक सकाळी उघडं ठेवा. मी येईन."

पोतं परत घरी आणलं. दुसऱ्या दिवशी हदगावला जाऊन नवा कॉक आणला, बसवला. गळती बंद झाली. कढीपत्ता वाळायला लागला, म्हणून त्याला आता तांब्यानं पाणी घालावं लागतं.

बायकोचा दगड टँकरच्या चाकावरच ठेवलेला होता. वाटोळा, मुठीत मावेल एवढा. मी रोज उठून टाकी ठोकतो. भद वाजते. मग फाटक उघडतो. ती येते, माझ्याशी बोलत न्हाई, तोच दगड उचलते आणि पुन्हा ठोकते. मी आत चहा पित असतो.