कृपया काही नवीन टाकू नये

काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकत होता. तीन दिवस तो नुसता लुकलुकत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसले होते.

काम काय, तर समुद्राच्या तापमानाच्या फायली उघडायच्या. त्या उघडणारं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं, चालतही होतं. मला नवी आवृत्ती हवीशी वाटली, एवढाच माझा गुन्हा. नवीला म्हणे आणखी एक सॉफ्टवेअर लागतं, त्याला तिसरं लागतं, आणि ते तिसरं मात्र जुनंच लागतं! एकाची समजूत काढावी तर दुसरं रुसून बसे, लग्नघरातल्या पाहुण्यांसारखं. शेवटी वैतागून मी होतं नव्हतं ते सगळं काढून टाकलं.

"अगं, चालत होतं ना?" शेजारच्या टेबलावरून सुमनताई म्हणाल्या. "मग हात कशाला लावलास?"

नुसतं चालतंय, एवढ्यावर माणसाचं समाधान कुठे होतं?

निवृत्त झालेल्या आमच्या सरांचा जुना कॉम्प्युटर ऑफिसच्या कोपऱ्यात आहे. खंडेनवमीचं कुंकू अजून त्याच्या कपाळाला आहे आणि खाली सरांच्या अक्षरातली चिठ्ठी : 'कृपया यात काही नवीन टाकू नये.' नोकरीच्या पहिल्या दिवशी मी त्या चिठ्ठीला हसले होते. आज त्याच कॉम्प्युटरवर माझी फाईल एका फटक्यात उघडली.

संध्याकाळी मी निमूटपणे माझ्याकडे जुनीच आवृत्ती परत बसवली. मग एक कागद घेऊन सरांचं वाक्य लिहिलं आणि माझ्या कॉम्प्युटरवर चिकटवलं. फक्त 'कृपया' गाळलं. वाचणारी मीच होते.