दाराबाहेरचा अंगारा

हे लिहू की नको, याचा बराच विचार केला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि चूकही माझ्याच हातून झाली.

ताईची सात महिन्यांची परी न्यूमोनियानं अतिदक्षता विभागात होती. श्वासाला यंत्र, मानेजवळच्या शिरेत औषधाची बारीक नळी. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, सावरतेय. त्या आनंदात मी गावच्या देवीचा अंगारा ओढणीत लपवून आत नेला आणि तिच्या कपाळाला, गळ्याला लावला. सहाव्या दिवशी तिला पुन्हा ताप भरला. हा नवा जंतुसंसर्ग आहे, इथं दाखल असताना झालेला, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला ओढणीतला अंगारा आठवला.

हात धुण्याच्या बेसिनपाशी मी रडत होते. वॉर्ड पुसणाऱ्या शमीममावशींनी विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं.

"कालिजात शिकती न् एवढं कळंना व्हय तुला?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आधी डॉक्टरला सांग. रडायचं मागून."

"ताई मला कधी माफ करणार नाही, मावशी."

"नाय तर नाय. पोरगी वाचू दे आधी."

मी डॉक्टरांना सांगितलं. नेमकं कशानं झालं ते सांगता येणार नाही, पण बोललीस ते बरं केलंस, एवढंच ते म्हणाले. त्यांनी नळी बदलली, औषध बदललं. ताईलाही मीच सांगितलं. ती उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

मावशींनी मला हात धुवायला शिकवलं. बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं. "मी माझ्यावाल्याचं नाव घेती, तू तुझ्यावालीचं घे, अकरा बार. घाई नको, देवी काय पळून चालली नाय."

तोवर मी देवीलाच सांगत होते काय करायचं ते. आता नुसतं नाव घेत हात धूत राहिले. चार दिवसांनी ताप उतरला. औषधानं की कृपेनं, हे मला वेगळं काढता येत नाही. मावशी भेटल्या नसत्या तर मी गप्प बसले असते, एवढं मात्र जाणते.

श्वासाची नळी निघाली आणि आतून घोगरं रडणं ऐकू आलं. इतक्या दिवसांत ताईनं पहिल्यांदाच माझा हात धरला. "जा, बघून ये."

मला सकाळपासून शिंका येत होत्या. "नको ताई, तूच जा," मी म्हणाले.

दार बंद झालं. मी बाहेरच हात जोडून उभी राहिले. सोपवणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं, आणि देवीकडं मागायला काही उरलं नव्हतं.