मिस्त्रीणबाईंच्या ताब्यातली पाचर

शेजारच्या मिस्त्रीणबाईंविषयी वाईट बोलायचं नाही, असं मी अनेकदा ठरवते. पण बाई तसं राहू देत नाहीत. सकाळचं वर्तमानपत्र त्या माझ्या आधी उचलतात आणि शब्दकोडं अर्धं सोडवून ठेवतात, तेही चुकीचं आणि पेनाने. विचारलं तर म्हणतात, "वहिनी, उरलेलं तुमच्यासाठीच ठेवलंय की." पत्ते खेळताना राणी हरवली तर ती त्यांच्या मांडीखाली सापडते आणि सगळ्यांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटतं.

त्यांचे यजमान सुतार होते. सारे त्यांना मिस्त्रीच म्हणत. आमच्या खोल्यांसमोर, रस्त्यापलीकडे पत्र्याची शेड आहे, तो त्यांचा कारखाना. बाईंनी तिथे उभा जन्म पॉलिश करण्यात घालवला. फळी गुळगुळीत झाली की नाही, हे त्या बोटाने नव्हे, गालाने पाहत. गाल टेकवून डोळे मिटत आणि म्हणत, "अजून एक हात मारा." मिस्त्री कुरकुर करत, आणि मारत.

तो हात ज्या रंध्याचा, तो मिस्त्रींनी स्वतः घडवलेला होता. हातभर लांब लाकडी ठोकळा, त्याच्या खाचेत तिरकं बसवलेलं पोलादी पातं, आणि पातं हलू नये म्हणून वरून ठोकलेली लाकडाची पाचर. पातं जरा पुढे काढलं की ओबडधोबड फळीचा माज उतरायचा; टिचकी मारून मागे घेतलं की कांद्याच्या पापुद्र्यासारखी सोलपटं निघायची. अडणारं दार असो, टेबलाची कड असो की खुर्चीचा डुगडुगणारा पाय, सगळ्यांना औषध तेच.

मिस्त्री गेले आणि दोन्ही मुलांनी शेडच्या मधोमध प्लायवुड उभं केलं. एकमेकांशी बोलणंही बंद. करवती वाटल्या, पटाशा वाटल्या, शेवटी रंधा उरला आणि दोघांचे हात एकदमच त्यावर पडले.

बाईंनी हातोडी घेतली आणि रंध्याच्या मागच्या अंगाला ठोका दिला. पाचर सुटली. ठोकळा त्यांनी थोरल्याला दिला, पातं धाकट्याला, आणि पाचर औषधांच्या डब्यात टाकली, रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी.

"झाली वाटणी," त्या म्हणाल्या. "रंधा हवा असेल तर दोघांनी मिळून माझ्या दारात यायचं. एक दिवस याने वापरायचा, एक दिवस त्याने. संध्याकाळी पाचर परत."

दोघांकडे विजेवर चालणारे रंधे आहेत. पण ते फळीवर बारीक लाटा सोडतात. शेवटचा हात वडिलांच्याच रंध्याचा लागतो. त्यामुळे दोघे रोज सकाळी बाईंच्या दारात हजर.

"आई, पाचर."

"आल्या आल्या पाचर? आईची चौकशी नाही, काही नाही. बसा, चहा टाकलाय."

थोरला भिंतीकडे बघत म्हणे, "आई, त्याला विचार, पात्याला धार लावलीय की तसंच आणलंय."

"आई, त्याला सांग, धार कळायला आधी नजर लागते."

बाई थोरल्याकडे वळून गंभीरपणे सांगत, "तो म्हणतोय, तू अगदी वडिलांसारखा दिसायला लागलास."

"मी असं कुठं म्हटलं?" धाकटा ओरडे.

"म्हणजे दिसत नाही म्हणतोस?"

यावर दोघे चहात बिस्किटं बुडवत.

एकदा मी न राहवून म्हटलं, "अहो, दोघंही सुतार आहेत. पाचर म्हणजे चार बोटांचा लाकडाचा तुकडा. चहा उकळेपर्यंत नवी कापतील."

बाईंनी घाईघाईने माझ्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोला! त्यांना सुचलं तर माझ्याकडे यायचं कारण काय राहिलं?"

हे त्या हसत म्हणाल्या, पण माझ्या तोंडावरचा हात काढला नाही. त्यांना भीती होती ती एवढीच.

सुचलं ते थोरल्या सुनेला. ती सुताराचीच लेक. एका ग्रंथालयाच्या कपाटांचं मोठं काम दोघा भावांना मिळून आलं होतं, मुदत जवळ आलेली, आणि नवरा रोज सकाळी आईकडे बिस्किटं बुडवत बसलेला. तिने एका दुपारी शिसवीचा तुकडा घेतला, करवत चालवली आणि पाचर तयार. धाकट्या दिराकडून पातंही तिनेच मागून आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी आलं नाही. बाईंनी चहा दोनदा गरम केला, मग मोरीत ओतला.

"वहिनी, चपला घाला," त्या म्हणाल्या. "मुलांचं काम कसं चाललंय बघून येऊ."

शेडमध्ये थोरला रंधा मारत होता. धाकटा प्लायवुडच्या पलीकडे खिळे ठोकत होता. बाईंनी फळीवर गाल टेकवला, डोळे मिटले. मी वाट पाहत होते की आता काहीतरी खोट काढतील. पण बाई पत्त्यांत खोटं बोलतात, लाकडाबाबत नाही.

"छान झालीय," त्या बारीक आवाजात म्हणाल्या.

"सांगत नव्हते?" सून म्हणाली. "आता सकाळी तुम्हालाही आराम."

"हो ना. किती गं काळजी माझी."

सून दारात आलेल्या माणसाशी बोलायला वळली. बाईंनी रंधा उचलला, जणू जुन्या ओळखीच्याची विचारपूस करताहेत. एक ठोका ऐकू आला. मग त्यांच्या पिशवीची चेन ओढल्याचा आवाज. थोरला समोरच उभा होता. त्याने आईकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि त्याला एकाएकी खिडकीबाहेरचा विजेचा खांब फार आवडला.

आम्ही दाराबाहेर पडतोय तोच मागे गलका झाला.

"पाचर कुठे गेली?" सून विचारत होती. "आत्ता इथे होती!"

"सोलपटांत पडली असेल," थोरला म्हणाला. "अरे ए, इकडे ये, शोधायला लाग."

धाकटा प्लायवुडला वळसा घालून आला. दोघे गुडघ्यांवर बसून सोलपटं उपसू लागले. डोक्यावर डोकं आपटलं.

"बघून!"

"तूच बघ! म्हातारा झालास."

मिस्त्रीणबाई भिंतीला चिकटून ऐकत होत्या. मधल्या निरोप्याशिवाय दोघे बोलत होते.

"मी दुसरी कापते," सून म्हणाली. "पाच मिनिटांचं काम."

"तुला काय कळतंय पाचरीतलं!" दोघे एकदम म्हणाले.

"मला? ती पाचर मीच..."

"चल रे," थोरला म्हणाला, "आईकडची आणू."

मग आमची जी धांदल उडाली! माझे गुडघे आणि त्यांचा दमा, दोघांनी मिळून रस्ता ओलांडला. बाईंनी शेगडी पेटवली, भांडं चढवलं, आणि औषधांचा डबा उघडतात तोच दोघे दारात.

"आई, धाप का लागलीय?" थोरल्याने विचारलं.

"वय झालं बाबा."

"पिशवीही जड असेल."

धाकट्याने पिशवीकडे पाहिलं, मग भावाकडे. त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"पाचर दे ना आई," तो स्टुलावर बसत म्हणाला. "कुठलीही चालेल."

"आधी चहा," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्याकडे पाठ करून, गरज नसताना, भांड्यात बराच वेळ ढवळत राहिल्या.